अग्रस्थान कोणाचे? अवयवांचे वाटप आणि विनयाची दृष्टी

गेल्या काही वर्षांत आपल्या विहारांतून रक्तदानाच्या जोडीने अवयवदानाची संकल्पपत्रेही भरून घेतली जाऊ लागली आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच होय. अशा प्रसंगी दानपारमितेवर प्रवचन होते आणि त्यात सिवि जातक हमखास सांगितले जाते. सिवि राजाने याचना करणाऱ्या अंध ब्राह्मणाला आपले दोन्ही डोळे काढून दिले, ही ती कथा. आम्हीही ती अनेक वेळा सांगितली आहे. परंतु मागील वर्षी असेच एक प्रवचन आटोपल्यावर एक उपासिका पुढे आल्या आणि त्यांनी आम्हांस जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर सिवि जातकात नाही.

त्यांच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आईने स्वतःचे मूत्रपिंड देऊ केले, परंतु रक्तगट जुळला नाही. मुलाचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालते आणि नाव प्रतीक्षायादीत आहे. त्या म्हणाल्या, "सर, देणाऱ्याचं पुण्य तुम्ही सांगितलंत. पण मिळणार कुणाला, हे कोण ठरवतं? आमच्यासारख्यांचा नंबर खरंच लागतो का?"

सिवि जातकात दाता आणि याचक समोरासमोर उभे आहेत. याचक एकच असल्याने निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय तो अंध ब्राह्मण म्हणजे वेष पालटून आलेला सक्क होता. ज्याला नेत्रांची गरजच नव्हती त्याला ते मिळाले, ही बाब प्रवचनात सहसा कोणी लक्षात आणून देत नाही! कथेचा सारा भर देणाऱ्याच्या चित्तावर आहे. घेणाऱ्यांची रांग तीत नाही.

आज मात्र रांग आहे. आपल्या देशात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली संमत झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र व गोव्यासह काही राज्यांत तो अंमलात आला. अवयवांची खरेदी-विक्री त्याने गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मान्यता दिली. २०२३ साली भारतात एकूण १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, परंतु मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते अवघे १,०९९. उरलेले बहुतेक अवयव जिवंत माणसांनी, मुख्यतः आप्तांनी, आप्तांना दिलेले होते. आप्ताने आप्ताला दिलेल्या मूत्रपिंडाच्या वाटपाचा प्रश्न निर्माण होत नाही. मृत दात्याच्या अवयवावर मात्र कोणा एकाचा हक्क नसतो. तो सर्वांचा असतो आणि सर्वांना पुरत नाही. खरा प्रश्न येथे सुरू होतो.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी मज्झिमनिकायातील दक्खिणाविभंग सुत्ताची आठवण होते. महापजापती गोतमीने स्वहस्ते कातून विणलेली वस्त्रजोडी तथागतांना अर्पण करू इच्छिली, तेव्हा त्यांनी ती संघाला देण्यास सांगितले. तिने तीनदा विनंती केली आणि तिन्ही वेळा तेच उत्तर मिळाले. याच सुत्तात पुढे दानाचे दोन प्रकार येतात. एक विशिष्ट व्यक्तीला उद्देशून दिलेले, म्हणजे पाटिपुग्गलिक दान, आणि दुसरे संघाला दिलेले. व्यक्तीला दिलेले दान संघाला दिलेल्या दानापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, असा तेथे निर्वाळा आहे. मेंदूमृत व्यक्तीचे अवयवदान हे स्वरूपाने या दुसऱ्या प्रकारात मोडते, असे आम्हांस वाटते. दाता किंवा त्याचे कुटुंब देते, पण अमक्याला द्या असे म्हणत नाही.

असे म्हणू दिले तर काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसले. १९९८ साली शेफील्ड येथे एका मृत दात्याच्या नातेवाइकांनी अवयव फक्त गोऱ्या माणसालाच द्यावेत अशी अट घातली आणि यंत्रणेने ती मान्य करून अवयव स्वीकारले. प्रकरण उघडकीस आल्यावर शासनाने चौकशी नेमली. २००० साली तिचा अहवाल आला आणि अवयवदानाला अशी कोणतीही अट जोडता येणार नाही, हे धोरण स्पष्ट झाले. ज्या समाजाने पाणवठ्यावरची अट अनुभवली आहे, त्याला या अटीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अट नाकारली तरी क्रम लावावाच लागतो. तो कसा लावावा? या प्रश्नाला विनयपिटकात थेट भिडणारा एक प्रसंग आहे. तो चुल्लवग्गाच्या सेनासनक्खंधकात येतो.

तथागत भिक्खुसंघासह सावत्थीच्या वाटेवर होते. छब्बग्गिय भिक्खूंचे शिष्य पुढे धावत जाऊन मुक्कामाच्या जागा अडवून ठेवीत. ही आमच्या उपज्झायांची, ही आमच्या आचार्यांची, ही आमची! मागून आलेल्या सारिपुत्तांना जागाच उरली नाही आणि ते रात्रभर एका झाडाखाली बसून राहिले. पहाटे तथागत उठून खोकले, तेव्हा झाडाखालूनही खोकल्याचा आवाज आला. कोण आहे, असे विचारल्यावर सारिपुत्तांनी आपले नाव सांगितले. मग संघाला एकत्र बोलावून तथागतांनी विचारले की, पहिले आसन, पहिले पाणी आणि पहिली भिक्षा यांस पात्र कोण?

उत्तरे पाहण्यासारखी आहेत. कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातला. कोणी गृहपती कुळाचे नाव घेतले. म्हणजे घर सोडले, केस उतरवले, तरी कुळ मनातून उतरले नव्हते. काहींनी जन्म वगळून गुण पुढे केले. ज्याला सुत्ते मुखोद्गत आहेत तो, विनयधर तो, धम्मकथिक तो, ध्यानलाभी तो, सोतापन्न तो, अरहंत तो. तथागतांनी यांपैकी एकही उत्तर स्वीकारले नाही. त्यांनी तित्तिर पक्षी, माकड आणि हत्ती यांची गोष्ट सांगितली. हे तिघे एका वडाजवळ राहत आणि त्या झाडाच्या आठवणींवरून आपल्यातील वडील कोण, हे त्यांनी ठरवले. मग तथागतांनी नियम केला की, उपसंपदेच्या क्रमाने जो आधी आला, त्याचा मान आधी.

यातील जन्माचा निषेध आपल्या वाचकांना नवा नाही. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा नकार. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी माणसाचे मोल जन्माने नव्हे तर गुणाने ठरते, हा बुद्धांच्या शिकवणीचा एक भाग म्हणून मांडला आहे. तेव्हा कोणी सहज विचारील की, मग अवयवही गुणवंताला का देऊ नये? समाजाला उपयोगी पडणाऱ्या माणसाला का देऊ नये? परंतु आसन आणि अन्न वाटण्याची वेळ आली, तेव्हा तथागतांनी अरहंतपदसुद्धा निकष मानले नाही. ज्यांच्यावरून हा प्रसंग उद्भवला ते सारिपुत्त प्रज्ञावंतांत अग्रगण्य होते, तरी त्यांना प्रज्ञेच्या नावाने जागा देण्यात आली नाही. गुणाने माणूस आदरणीय होतो हे खरे. मात्र जगण्याच्या साधनांची वाटणी त्या आदराच्या मापाने करायची नाही, हा भेद विनयाने केला आहे.

हा भेद विसरल्याने काय घडते याचे उदाहरण अमेरिकेतील सिएटल शहराने दिले. ते अवयवांचे नसून डायलिसिसचे आहे, पण प्रश्न तोच आहे. बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी १९६० साली अशी नळी तयार केली की जिच्यामुळे एकाच रुग्णावर वारंवार डायलिसिस करणे शक्य झाले. १९६२ साली तेथे केंद्र सुरू झाले. यंत्रे मोजकी होती आणि रुग्ण पुष्कळ. डॉक्टरांनी वैद्यकीयदृष्ट्या योग्य रुग्ण निवडावेत आणि त्यांतून कोणाला घ्यायचे ते सात जणांच्या एका समितीने ठरवावे, अशी व्यवस्था झाली. समितीत वकील, धर्मोपदेशक, बँकेतील अधिकारी, गृहिणी, कामगार पुढारी, सरकारी अधिकारी आणि एक शल्यचिकित्सक होते. त्यांची नावे गुप्त होती. त्यांनी रुग्णाचे वय, विवाह, मुले, उत्पन्न, मालमत्ता, शिक्षण, व्यवसाय, पूर्वीची कामगिरी आणि भावी उपयुक्तता यांचा विचार केला. नोव्हेंबर १९६२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि ही समिती जगाला माहीत झाली.

ते सात जण दुष्ट नव्हते. त्यांनी आपल्यासारख्या माणसाला चांगला माणूस मानले, इतकेच. स्थिर नोकरी, कुटुंब, समाजातील वावर हे गुण ज्याच्याकडे असतील तो पुढे जाणार, आणि ज्याला नोकरीच मिळू दिली गेली नाही तो मागे राहणार. कुळ विचारले नाही तरी कुळाची छाया उत्तरात उतरते. पुढे १९७२ साली अमेरिकी काँग्रेसने मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या उपचाराचा खर्च शासनावर घेतला आणि अशा समितीची गरजच संपली. दहा वर्षे ज्याला दैवी टंचाई समजले गेले, ती बऱ्याच अंशी पैशाची टंचाई होती.

विनयाचे लक्ष घेणाऱ्याच्या पात्रतेवरून वाटणाऱ्याच्या पात्रतेकडे वळलेले दिसते. निवासस्थाने वाटणारा, भोजनाची नेमणूक करणारा, चीवरे वाटणारा असे संघाचे स्वतंत्र अधिकारी असत. त्यांची निवड संघासमोर ठराव मांडून होई. त्यांच्या अंगी पाच गोष्टी हव्यात असे सांगितले आहे. त्यांनी छंदाने म्हणजे पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने अथवा भयाने वागू नये. याच त्या चार अगती. पाचवी गोष्ट हिशेबाची आहे. कोणाला दिले आणि कोणाला द्यायचे राहिले, हे त्यांना अचूक ठाऊक असावे. या पाचव्या अटीकडे व्याख्यातेमंडळींचे फारसे लक्ष जात नाही. आमच्या मते तिचे मोल पहिल्या चारांहून कमी नाही. शुद्ध चित्ताचा पण नोंदवही न ठेवणारा वाटपी विनयाला चालत नाही. चीवरांची वाटणी करताना तर आधी प्रतवारी आणि मोजणी करावी, उणेअधिक राहील तेथे संबंधितांचे समाधान करावे आणि मग कुश टाकून वाटे ठरवावेत, इथपर्यंत तपशील दिला आहे.

आणि तरीही आरोप होतोच. दब्ब मल्लपुत्त हे निवास आणि भोजन या दोन्हींची व्यवस्था पाहणारे अरहंत. मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटाला एका घरी कण्यांचा भात आणि आंबट पेज मिळाली, तेव्हा हे दब्बांचेच कारस्थान अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि दब्बांवर दुराचाराचा खोटा आळ घेतला. तथागतांनी दब्ब अरहंत आहेत म्हणून विषय मिटवला नाही. संघासमोर त्यांना विचारले, आळ घेणाऱ्यांची चौकशी झाली आणि मग सत्य बाहेर आले. निर्दोष वाटप्यालाही विचारता आले पाहिजे, हा याचा अर्थ.

ज्येष्ठताक्रमाला विनयात एक अपवाद आहे. आजारी भिक्खूला त्याच्या जागेवरून उठवू नये आणि त्याला योग्य अशी शय्या द्यावी. म्हणजे प्रतीक्षा आणि निकड ही दोन्ही तत्त्वे तेथे आहेत. आजचे वैद्यकशास्त्र या दोन तत्त्वांचे प्रमाण अवयवानुसार ठरवते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिस काही काळ तगवते, म्हणून तेथे प्रतीक्षेला अधिक वजन. यकृताला असा पर्याय नाही, म्हणून तेथे निकडीला. रक्ताच्या तपासण्यांवरून मृत्यूचा धोका दर्शवणारा ‘मेल्ड’ नावाचा अंक काढतात, आणि अमेरिकेत २००२ पासून यकृताचा क्रम प्रामुख्याने त्यावर लावला जातो.

अपवाद आला की सोंगही आले. आजाऱ्याला उठवायचे नाही असे कळताच छब्बग्गिय भिक्खू आम्ही आजारी आहोत म्हणून उत्तम शय्या बळकावू लागले, असे त्याच खंधकात नमूद आहे. जर्मनीत २०१२ साली गॉटिंगेन येथील यकृत प्रत्यारोपणांत रुग्णांची माहिती प्रत्यक्षाहून गंभीर दाखवून त्यांना यादीत वर नेल्याचे प्रकरण गाजले. संबंधित शल्यचिकित्सक पुढे न्यायालयात निर्दोष सुटले, परंतु लोकांचा विश्वास डळमळला. त्या देशात २०११ साली १,२०० मृत दाते होते, ते २०१३ साली ८७६ वर आले. यादीवरचा विश्वास गेला की दानच आटते.

यावर कोणी म्हणेल की, माणसाच्या हाती काही ठेवूच नये, सारे अंकांवर सोपवावे. अंकाला छंद नाही आणि द्वेषही नाही. पण मोह असू शकतो. मूत्रपिंड किती काम करते हे रक्तातील क्रिएटिनिनवरून सूत्राने काढतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या सूत्रांत रुग्ण कृष्णवर्णीय असल्यास उत्तर वाढवून धरण्याची तरतूद होती, एका सूत्रात सुमारे २१ टक्क्यांनी, नंतरच्या सूत्रात सुमारे १६ टक्क्यांनी. कृष्णवर्णीयांचे स्नायू अधिक असतात, असे त्यामागचे गृहीतक होते. परिणाम असा की, तितकेच आजारी असूनही त्यांची मूत्रपिंडे कागदावर अधिक निरोगी दिसत आणि प्रतीक्षेचा काळ उशिरा मोजला जाई. २०२२ साली तेथील राष्ट्रीय अवयव व्यवस्थेने अशा सूत्रांचा वापर बंद केला. जानेवारी २०२३ पासून गमावलेला काळ परत देण्यास आरंभ झाला आणि पुढील सव्वा वर्षात १४ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांच्या प्रतीक्षाकाळात दुरुस्ती झाली. त्यांच्यावर अन्याय करणारा कोणी एक माणूस दाखवता आला नसता. तो गुणाकारात बसलेला होता.

म्हणून रांगेचे समर्थन करताना उपालींची आठवण ठेवली पाहिजे. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घेण्यास आले, तेव्हा आपल्यासोबतच्या उपाली न्हाव्याला आधी प्रव्रज्या द्यावी अशी त्यांनीच विनंती केली. कारण मग ज्येष्ठ म्हणून त्याला वंदन करावे लागेल आणि आपला अभिमान गळेल. म्हणजे उपसंपदेचा क्रम समतेचा ठरला तो केवळ क्रम होता म्हणून नव्हे. त्या रांगेच्या तोंडाशी कोण आधी उभा राहतो, याकडेही लक्ष दिले गेले म्हणून.

आपल्याकडे हीच जागा कच्ची आहे. नोटो या राष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मूत्रपिंडवाटपाच्या निकषांत डायलिसिसच्या प्रत्येक महिन्यास एक गुण आहे, लहान मुलांना अधिक गुण आहेत, आणि ज्याने पूर्वी स्वतःचा अवयव दिला त्यालाच पुढे मूत्रपिंड लागले तर पाच गुण आहेत. त्यात जात नाही, उत्पन्न नाही, हुद्दा नाही. निकष म्हणून ते विनयाच्या जवळचे आहेत, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु यादीत नाव येते ते प्रत्यारोपण करणाऱ्या नोंदणीकृत रुग्णालयामार्फत. अशी रुग्णालये मोठ्या शहरांत आहेत आणि त्यांतील बरीच खाजगी आहेत. शस्त्रक्रियेचा खर्च, त्यानंतर जन्मभर घ्यावयाची औषधे, शहरात राहण्याची सोय, हे ज्याला शक्य नाही त्याला कोणी नाकारत नाही. तो यादीपर्यंत येतच नाही. छब्बग्गियांचे शिष्य पुढे धावले हे दिसले तरी. येथे जागा कोणी अडवली तेही दिसत नाही.

स्त्रियांची गोष्ट याच जातीची आहे. २०२३ साली देशात जिवंत दात्यांत ९,७८४ स्त्रिया आणि ५,६५१ पुरुष होते. अवयव मिळणाऱ्यांत मात्र पुरुषच बहुसंख्य असतात. आई देते, पत्नी देते, आणि तिला लागले तर घरात चर्चा होते. ऑगस्ट २०२५ मध्ये नोटोने राज्यांना सूचना दिल्या की, मृत दात्यांच्या अवयवांची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना आणि पूर्वीच्या मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावे. यातील दुसऱ्या गोष्टीला विनयात एक दूरचा आधार सापडतो. दिवंगत भिक्खूचे पात्र व चीवर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे, असे महावग्गात आहे. तथापि पात्र-चीवर आणि जीव यांत अंतर आहे. दात्याचे नातेवाईक असणे हा गुण आहे की पुन्हा नाते, याविषयी आमच्या मनात शंका आहे. पहिल्या सूचनेला छंदागती म्हणणारे निघतील. आरक्षणाविषयीही तसेच म्हटले गेले. आमचे मत असे की, उपालींना पुढे उभे करणे ही छंदागती नव्हती. पण जी स्त्री नोंदणीपर्यंतच पोहोचली नाही, तिला यादीतील प्राधान्याचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

विनयाची दृष्टी कोठे अपुरी पडते, तेही सांगितले पाहिजे. संघात आज जागा मिळाली नाही तर पुढच्या मुक्कामी मिळे. येथे ज्याला मिळत नाही, तो पुष्कळदा पुढच्या मुक्कामी नसतो. रक्तगट, ऊतींची जुळणी, अवयव बाहेर किती वेळ टिकेल या मर्यादा खंधककारांसमोर नव्हत्या. त्यामुळे नियम जसेच्या तसे उचलता येणार नाहीत.

त्या उपासिकांना आम्ही हे सारे सांगितले नाही. त्यांचा प्रश्न नेमका होता. एवढेच म्हणालो की, यादी गुणांवर लागते, त्यात डायलिसिसचे महिने मोजतात, आणि प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक असणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलाचे महिने कोणत्या तारखेपासून धरले आहेत, हे त्यांना विचारावे. त्या क्षणभर थांबल्या. पहिले आठ महिने डायलिसिस तालुक्याच्या ठिकाणी झाले होते आणि शहरातल्या रुग्णालयाने ते कधी विचारले नव्हते. त्या वेळचे सगळे कागद घरी पेटीत आहेत, असे त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला ते घेऊन जावे, असे आम्ही त्यांना सांगितले.